यंदा साधंच करायचं

दसऱ्याला लुटलेलं सोनं देव्हाऱ्यात सुकून कुरकुरीत व्हायच्या आत आमच्या घरी एक ठराव मंजूर होतो. मांडते बायको, अनुमोदन आईचं, टाळ्या माझ्या. मसुदा वर्षानुवर्षं तोच: "यंदा काही नाही हं. अगदी साधंच करायचं."

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ज्यांच्याकडे दिवाळी दणक्यात करायची ठरते, त्यांचं बरं असतं. पैसे जातात, दमणूक होते, पण काय होणार आहे ते निदान आधी कळतं. साधेपणा कुठून अंगावर येईल, सांगता येत नाही.

२०२५ च्या दिवाळीचंच घ्या.

"साधंच म्हणजे नक्की कसं?" मी विचारलं.

"म्हणजे फराळ बाहेरून. साफसफाई वरवर. कंदील गेल्या वर्षीचाच. आणि देणं-घेणं बंद."

"वा!" मी म्हणालो.

"चकल्या तेवढ्या घरच्या," आतून आई म्हणाली. "बाहेरच्यांना तेलाचा वास मारतो."

"हो, चकल्या घरीच. आणि सोऱ्या काढलाच आहे, तर हातासरशी शेव करून टाकू."

"शेव झाली की चिवडा ओघानं आलाच."

"तूप कढवायचंच आहे, तर बेसनाचे लाडू."

"आणि अनारसे?"

"नको हो आई. अनारसे नकोच यंदा."

"नको तर नको. मी आपलं विचारलं," असं म्हणून आईनं तांदूळ भिजत घातले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं असतं. पाणी बदलायला लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

खरं तर आमच्या साध्या दिवाळीची सुरुवात ऑगस्टातच झाली होती. लेक बेंगळुरूला असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. हेतू चांगला आहे. पूर्वी चार महिने काळजी करावी लागायची, आता दोन महिन्यांत उरकते. सकाळी आठच्या ठोक्याला आम्ही तिघं तीन फोन घेऊन बसलो. आई देवापुढे बसली. आठ वाजून दोन मिनिटांनी बायकोला वेटिंग मिळालं, मला ओटीपी मिळाला आणि तिकडे लेकीनं शांतपणे बसचं तिकीट काढून टाकलं होतं. आईनं मात्र देवापुढचा नारळ फोडला, कारण पोरगी येणार हे नक्की झालं होतं आणि ते कसं झालं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

'देणं-घेणं बंद' या कलमालाही एक अपवाद निघाला. भाचा. तो न्यू जर्सीत असतो आणि त्याला दरवर्षी फराळ जातो. पण अमेरिकेनं २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी बंद केली, त्याआधीच २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली, आणि ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. आमच्या आईला राज्याचे अर्थमंत्री कोण हे विचारलं तर ती 'असतील कुणीतरी' म्हणेल, पण त्या दोन महिन्यांत ती रोज संध्याकाळी बातम्या लावून अमेरिकेच्या आयात शुल्काचा पाठपुरावा करत होती.

"चकलीवर पन्नास टक्के, म्हणजे कडबोळ्यांवर किती रे?"

भाच्याला फोन लावला. "मामा, नका पाठवू. इथे सगळं मिळतं," तो म्हणाला.

"मिळत असेल," आई म्हणाली. "काटे असतात का त्या चकलीला?"

न्यू जर्सीकडून काही उत्तर आलं नाही. आईनं ते 'नाही' असं धरलं आणि मी खोका घेऊन एका खासगी कुरियरवाल्याकडे गेलो. तिथल्या मुलानं फॉर्म पुढे केला. वस्तूचं नाव, घटक, उपयोग. "उपयोग?" मी विचारलं. "लिहा काहीतरी सर, घरगुती वापर." मग त्यानं करंजी उजेडात धरली. "यात काय आहे?" "सारण." "ते यादीत येत नाही सर." शेवटी करंजीची नोंद 'गोड बिस्कीट, अर्धगोल' अशी झाली. पाठवण्याचा खर्च ऐकून मला कळलं, की तेवढ्यात भाचा दोनदा हॉटेलात जेवला असता. हे घरी सांगितलं नाही.

वरवरची साफसफाई म्हणजे काय, ते मला रविवारी माळ्यावर चढल्यावर उमगलं. माळ्यावरच्या साफसफाईची एक पद्धत असते. जे आहे ते सगळं खाली काढायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, त्याच्याकडे बघून हळहळायचं आणि होतं तसं वर ठेवायचं. पात्यांशिवायचा टेबलफॅन, लेकीच्या चौथीच्या वह्या, पोट कमी करायचं एक यंत्र आणि ते ज्यात आलं तो त्याहून मोठा खोका.

"हा पंखा टाकायचा का?"

"असू दे. लागतो कधी."

"याला पाती नाहीत."

"पाती मिळतील ना."

त्या दिवशी माळ्यावरून कायमची खाली आलेली एकच वस्तू म्हणजे गेल्या वर्षीचा कंदील. उंदरांनी त्याचा तळ खाल्ला होता. म्हणून मी ऑफिस सुटल्यावर वाट वाकडी करून माहीमला, सिटीलाइटजवळच्या कंदील गल्लीत गेलो. गल्लीत चालायला जागा नसते, पण मान वर केली की भान हरपतं आणि मान वर ठेवूनच चालल्यामुळे समोरच्याच्या पायावर पाय पडतो. त्याचीही मान वरच असल्यामुळे तो रागवत नाही. मी षट्कोनी कंदील घेतला, पारंपरिक, करंज्यांची झालर असलेला. दादरला संध्याकाळी सातच्या फास्टमध्ये चढलो तेव्हा तो मी छातीशी धरला होता. कुर्ल्याला तो डोक्यावर गेला. "काका, कंदील वर घ्या." "वरच आहे." "मग काका, तुम्ही खाली घ्या." ठाण्यानंतर त्याला नेमके किती कोन होते, हे सांगणं अवघड आहे. डोंबिवलीला उतरलो तेव्हा झालर दुसऱ्याच एका गृहस्थाच्या बॅगेला लागून कल्याणकडे निघाली होती.

याच सुमारास ऑफिसला आमच्या ताणाची काळजी वाटू लागली. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात 'तणावमुक्त दिवाळी' या विषयावर सत्र ठेवलं. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. उपस्थिती सक्तीची. ज्या आठवड्यात माणसाला लवकर घरी जाऊ दिलं तर ताण आपोआप निम्मा होईल, त्याच आठवड्यात त्याला दीड तास बसवून ताण घालवण्याचं शिक्षण द्यायचं, हे ज्याला सुचलं त्याची बढती झाली आहे असं ऐकतो.

मार्गदर्शक पंचविशीतला होता. चेहऱ्यावर तेज. लग्न झालेलं नाही, पीजीत राहतो, फराळ गावाहून आई पाठवते, अशी माहिती त्यानं स्वतःच ओळखीत दिली. तेजाचं कारण कळलं.

"मला सांगा, दिवाळीत तुम्हाला सगळ्यात जास्त ताण कशाचा येतो?"

"बोनसचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"सासूबाईंचा," अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या.

"तुमचा," हे कुणी म्हटलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. चार आकडे मोजत श्वास आत, चार आकडे रोखा, चार आकडे बाहेर. डोळ्यांसमोर शांत समुद्रकिनारा आणा. मी अलिबाग आणलं. शेजारच्यानं बहुधा दिवाळीच्या सुट्टीतलं अलिबाग आणलं असावं, कारण तो डोळे मिटून "पार्किंग, पार्किंग" असं पुटपुटत होता. तेवढ्यात माझा फोन थरथरला. मी मान खाली घालून कुजबुजत फोन घेतला.

"कुठे आहात?"

"श्वास घेतोय."

"काय?"

"श्वास. ऑफिसात शिकवतायत."

"तो घरी येऊन घ्या. गिरणी साडेआठला बंद होते, भाजणी टाकायचीय. आणि विचारून घाला, आधी काय दळलंय ते. गव्हावर दळली तर चकली वातड होते."

मी डोळे उघडले तर मार्गदर्शक समोर उभा. "सर, कोण होतं फोनवर?" त्यानं मायेनं विचारलं.

"ताण," मी म्हणालो.

शेवटी त्यानं पडद्यावर तीन गोष्टी दाखवल्या. यादी करा. कामं वाटून घ्या. 'नाही' म्हणायला शिका. आम्ही त्याचे फोटो काढले, आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात ऑफिसतर्फे सोनपापडीचा एक डबा पडला.

गिरणी गाठली तेव्हा दारात स्टीलच्या डब्यांची रांग पार पानाच्या टपरीपर्यंत गेली होती. "आत्ताच गहू झालेत," गिरणीवाला म्हणाला. "हरभऱ्याची डाळ येऊ द्या कुणाची तरी, तिच्यावर तुमची घालतो." त्या रांगेत तांदूळ होते, ज्वारी होती, नाचणीसुद्धा होती. हरभऱ्याची डाळ नव्हती. मी रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक पिशवीकडे आशेनं पाहत उभा राहिलो. चार आकडे श्वास आत घेऊन पाहिला. पीठ गेलं.

मग 'कामं वाटून घ्या'. ही सूचना मी घरी मांडली, तेव्हा बायको इतकी खूश झाली की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तिनं खरंच कामं वाटली. पीठ मळणं तिच्याकडे, तळणं तिच्याकडे, सोऱ्या फिरवणं माझ्याकडे, व्हिडिओ काढणं लेकीकडे आणि देखरेख आईकडे. आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात अशी मांडली, की कढई, पीठ आणि माझे हात तिन्ही एका नजरेत यावेत.

पहिली चकली तेलात सोडली. क्षणभर ती चकली होती. मग तिचे वेढे सुटले, कडा विरघळल्या आणि कढईत फक्त बुडबुडे उरले.

"मोहन जास्त झालं," खुर्चीतून निकाल आला.

"तुम्ही सांगितलंत तेवढंच घातलंय. एक वाटी."

"ही वाटी?"

"हीच ना?"

"ही नव्हे गं. माझी वाटी. ती लहान, काठाला पोचा आलेली."

सगळ्या घरानं ती वाटी शोधली. ती देव्हाऱ्यात निघाली, तिच्यात कापसाच्या वाती होत्या. दरम्यान लेकीनं मोबाइलवर कुठल्याशा बाईंचा व्हिडिओ लावला. त्या म्हणाल्या तांदळाची पिठी घाला. घातली. चकल्या विरघळायच्या थांबल्या आणि दगड झाल्या. मग पुण्याला माझ्या बहिणीला फोन. ती म्हणाली उकड नीट बसली नाही, झाकून ठेवा. झाकून ठेवली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्या विरजण विसरून म्हणाल्या, गॅस मोठा आहे. गॅस बारीक केला. आई म्हणाली, आता तेल पितील. प्यायल्या. या सगळ्यात मी सोऱ्या पिळत होतो. पीठ घट्ट झाल्यावर मी सगळा जीव लावून दांडा फिरवला तेव्हा खालची चकती सुटून कढईच्या कडेवर टण्णकन आदळली आणि पिठाचा एक भरीव दंडगोल माझ्या पायावर पडला.

"याचा व्हिडिओ आलाय," लेक म्हणाली.

दुपारी तीनच्या सुमारास चकली जमली. कशामुळे ते कुणालाच कळलं नाही आणि त्यामुळे पाच जणांनी श्रेय घेतलं. काकूंसकट. नळीदार, खुसखुशीत, बोटाला टोचतील असे काटे. आईनं एक मोडली, कानाशी धरून तिचा आवाज ऐकला आणि मान हलवली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तळणीच्या धुराचं आहे असं ती म्हणाली.

त्याच वेळी बेल वाजली. दारात घरगुती फराळवाल्या बाईंचा मुलगा दोन पिशव्या घेऊन उभा. 'फराळ बाहेरून' या कलमाप्रमाणे बायकोनं दसऱ्यालाच आगाऊ पैसे भरून ठेवले होते आणि ते रद्द करायचं काम, वाटणीच्या नादात, कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. चकली एक किलो, शेव, चिवडा, लाडू. लेकीनं न विचारता पुडा फोडून बाहेरची चकली तोंडात टाकली आणि ती म्हणाली, "ही जास्त मस्त झालीय!"

घरात इतकी शांतता मार्गदर्शकाला दीड तासात साधली नव्हती. आईनं त्यातली एक घेतली. खाल्ली. आणखी एक घेतली. "बरी आहे," ती म्हणाली. "वास मारतो."

अनारशांबद्दल थोडक्यात. पहिलाच अनारसा तुपात हसला. कढईजवळ दुसरं कुणी हसलं नाही.

राहता राहिली तिसरी सूचना. 'नाही' म्हणायला शिका. दिवाळीचं पोस्त मागायला वॉचमन आला, पेपरवाला आला, कचरा नेणाऱ्या मावशी आल्या. यांना नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षभर यांच्या जिवावर घर चालतं. पण मग एक मुलगा आला, जो मी जन्मात पाहिला नव्हता.

"साहेब, दिवाळी."

"नाही," मी ठामपणे म्हणालो.

"काय नाही, साहेब?"

"नाही म्हणजे... सुट्टे नाहीत."

"जीपे आहे ना."

त्याचं नाव जीपेवर उमटलं, तेव्हा आमची पहिली ओळख झाली.

दुसरा नकार मी सोसायटीतल्या पोरांना दिला. दरवर्षी ती पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करतात. पूर्वी हे काम सोपं होतं. विटा रचायच्या, गोणपाट टाकायचं, माती लिंपायची, हळीव पेरायचा, आणि जो आकार होईल त्याला शोभेल त्या गडाचं नाव द्यायचं. उतार नीट आला तर प्रतापगड, कोसळला तर वेढा पडलेला पन्हाळा. पण २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले आणि पोरांच्या हातात यादी आली. एकाला साल्हेर हवा होता, कारण उंच. एकीला तमिळनाडूतला जिंजी, कारण बाजूच्या सोसायटीला तो माहीत नाही. मतदान होऊन सिंधुदुर्ग निघाला. म्हणजे समुद्र आला.

"काका, तुम्ही मदत कराल?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी आवाज चांगला लागला होता.

"बरं, मग तुम्ही सल्लागार."

सल्लागार झाल्यामुळे मला प्लास्टिकचा कागद, निळा रंग आणि बागेचा पाइप आणून द्यावा लागला. किल्ला देखणा झाला, यात वाद नाही. महाराज सिंहासनावर, तटावर मावळे, दरवाजाच्या कमानीपेक्षा मोठा एक वाघ, आणि बुरुजाशी खेळण्यातला जेसीबी. तो का, विचारलं तर डागडुजी चालू आहे म्हणे. पाइप बंद करायचं मात्र सल्लागारासकट सगळे विसरले. पहाटे अरबी समुद्रानं तट ओलांडला आणि सेक्रेटरींची स्कूटर पाण्यात उभी राहिली.

"हे पाणी कुठून येतंय?" सेक्रेटरी ओरडले.

"काका, समुद्र आहे तो," सर्वांत धाकटी म्हणाली.

"मग त्याला भरती सोसायटीच्या टाकीतून का येतेय?"

पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. राजा वाचवायला सल्लागार पुढे करायचा असतो, हा इतिहास त्यांना पाठ होता.

आता एवढं सगळं झाल्यावर निदान दिवाळी कधी आहे हे तरी नक्की असावं? २०२४ मध्ये अमावास्या दोन दिवसांत विभागून आली, म्हणून निम्म्या देशानं ३१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन केलं आणि उरलेल्यांनी १ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये पुन्हा तेच. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात २१ ऑक्टोबर, समोरच्या लखनौच्या कुटुंबात २०. त्यांनी आम्हाला २० ला मिठाई दिली. ती आम्ही २१ च्या नैवेद्यासाठी झाकून ठेवली. शेअर बाजाराचा मुहूर्त होता २१ लाच, पण दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. वरच्या मजल्यावरचे गुंतवणूकदार सोवळं नेसून, एक डोळा लॅपटॉपवर ठेवून बसले होते. पूजेच्या वेळी पडद्यावर काहीतरी लाल झालं आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते लक्ष्मीनं ऐकलं नसावं अशी आम्ही सगळे प्रार्थना करतो. आमच्या आईला या वादाचं काही वाटलं नाही. तिनं दोन्ही दिवशी दिवे लावले. तेल संपलं तेव्हा मला पाठवलं.

त्याआधी नरकचतुर्दशी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी माणसाला फराळासोबत वाचायला काहीतरी लागतं. त्या अंकांत दिवाळीची पहाट म्हटली की गुलाबी थंडी असतेच. डोंबिवलीत पंखा असतो. तरीही पहाटे चारला उठायचं, अंगाला तेल, उटणं, वर मोती साबण, आणि एकच न्हाणीघर. गीझरनं तिसऱ्या माणसाला प्राण सोडला. तिसरा माणूस मी होतो. थंड पाण्यानं उटणं निघत नाही, ते सरकतं. दाराबाहेर डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडताना माझा पाय उटण्यावरूनच घसरला. नरकासुराचा वध झाला, पण त्यानं मलाही पाडलं.

लंगडत फडके रोडला गेलो. डोंबिवलीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: दिवाळीच्या पहाटे गणेश मंदिराजवळच्या या रस्त्यावर सगळं तरुण गाव नटूनथटून उभं असतं. कुणी कुठे जात नाही, नुसतं उभं राहायचं आणि दिसायचं. त्या गर्दीत मला तेज नसलेला एक ओळखीचा चेहरा दिसला. आमचा मार्गदर्शक. नवा कुर्ता, कानाला फोन. "नाही गं आई, पार्सल नाही मिळालं अजून... चकली तर नाहीच गं... मी काय खाऊ मग?" आवाज कापत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चार आकडे मोजत श्वास घे म्हणालो. त्यानं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, ती मी गिरणीच्या रांगेतही पाहिली नव्हती. त्याला घरी नेलं. आईनं त्याला समोर बसवून दोन्ही चकल्या खायला घातल्या आणि कुठली चांगली, ते विचारलं. पोरगा शहाणा निघाला. "दोन्ही वेगळ्या आहेत," म्हणाला. जाताना त्याला डबा भरून दिला.

सोनपापडीही मार्गी लागली होती. ऑफिसातून आलेला डबा आईनं देवापुढे ठेवला होता, तेव्हा त्याच्या कोपऱ्याला तिच्या बोटाचं कुंकू लागलं. मग तो आम्ही लखनौकरांना दिला. भाऊबीजेला मेहुणा कल्याणहून आला, ओवाळून झाल्यावर त्यानं बहिणीच्या हातात एक डबा ठेवला. कोपऱ्याला कुंकू. लखनौकर कल्याणला कुणाकडे गेले होते, हे आम्ही अजून शोधतोय.

सण असा पार पडला. आता एकच काम उरलंय आणि त्यासाठी हा लेख लिहायला घेतला. दिवाळीत आमच्याकडून फराळाचे स्टीलचे डबे बरेच बाहेर गेले. त्यांतल्या कडीच्या मोठ्या डब्याच्या तळाशी आईचं नाव आणि १९७८ हे साल कोरलेलं आहे. तो कुणाकडे गेलाय हे घरात कुणाला आठवत नाही. मार्गदर्शक फोन उचलत नाही. आई रोज विचारते. तरी ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी कृपया आणून द्यावा, उशीर झाला असेल तरी चालेल. डबा रिकामा परत करायचा नसतो वगैरे संकोच अजिबात बाळगू नये. रिकामाच द्या. सोनपापडी घालून देऊ नका.